नव्या विद्यापीठाची पहिली वर्षे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत : नुकत्याच स्थापन झालेल्या विद्यापीठाचे मोजमाप कशाने करावे? पत्रे थोडी संक्षिप्त करून, एकमेकांना जोडून घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाला दहा वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेतील ‘महत्त्वाचे टप्पे’ हे प्रकरण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हाती आलेली यादी प्रामुख्याने उद्घाटनांची, कोनशिलांची आणि सामंजस्य करारांची आहे. टप्पा नेमका कशाला म्हणावे? आणि विद्यापीठाचा जन्मदिवस कोणता धरावा, हाही वाद आमच्याकडे चालू आहे. (एक प्राध्यापक)

उत्तर : आधी जन्मदिवसाचे पाहू, कारण त्या वादातूनच टप्प्याची व्याख्या हाती लागते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे उदाहरण घ्या. सप्टेंबर १९६३ मध्ये ग्लासगो येथील भाषणात हॅरॉल्ड विल्सन यांनी, तेव्हा ते विरोधी पक्षनेते होते, रेडिओ-दूरचित्रवाणीवरून शिकवणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ते पंतप्रधान झाल्यावर ही जबाबदारी मंत्री जेनी ली यांच्याकडे आली आणि १९६६ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. १९६९ मध्ये राजसनद मिळाली. जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४,००० विद्यार्थ्यांनी अभ्यासाला सुरुवात केली आणि १९७३ मध्ये पहिल्या पदव्या दिल्या गेल्या. यांपैकी प्रत्येक साल जन्मसाल म्हणून मांडता येते आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलणारा कोणी ना कोणी भेटतो : राजकारणी पहिले साल सांगतो, कुलसचिव सनदेचे, आणि शिक्षक पहिल्या वर्गाचे. कायद्याच्या दृष्टीने सनदेचा किंवा अधिनियमाचा दिवस हाच जन्मदिवस, आणि वर्धापनदिनासाठी तो पुरेसा आहे. प्रकरण लिहिताना मात्र त्या एका दिवसावर थांबू नये.

माझी कसोटी साधी आहे. ज्या दिवसानंतर कोणा एका माणसाला, आदल्या दिवशी जे करता येत नव्हते, ते करता येऊ लागले, तो टप्पा. या कसोटीवर कोनशिला बहुधा गळते, इमारतीचे उद्घाटन कधी टिकते, कधी गळते, आणि सामंजस्य करार तर सह्या झाल्यानंतर त्याखाली कोणी प्रत्यक्ष गेले-आले का, यावरच ठरतो. उलट ज्या ठरावाचे छायाचित्रही कोणी काढलेले नसते, असा विद्यापरिषदेचा एखादा ठराव यादीत वर चढतो. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा संलग्न महाविद्यालयांबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या केल्या. त्या दिवशी ना फीत कापली गेली असेल ना बँड वाजला असेल, पण ज्याला महाविद्यालयात जाणे शक्य नव्हते त्याला घरी अभ्यास करून त्याच दर्जाची पदवी मिळवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

त्याच विद्यापीठाचे दुसरे उदाहरण तुम्हाला अधिक उपयोगी पडेल, कारण ते अर्धवट टप्प्याचे आहे. १८६९ मध्ये लंडन विद्यापीठाने स्त्रियांसाठी स्वतंत्र परीक्षा घेतली. नऊ जणी बसल्या, सहा उत्तीर्ण झाल्या, पण त्यांना पदवी न देता केवळ प्रावीण्याचे प्रमाणपत्र देण्यात आले. पदव्यांचे दार स्त्रियांना १८७८ मध्ये उघडले आणि १८८० मध्ये पहिल्या चार स्त्रिया पदवीधर झाल्या. आजचा उत्साही स्मरणिकाकार १८६९ लाच ‘स्त्रीशिक्षणाचे दार उघडले’ असे लिहून मोकळा होईल. तसे लिहू नये. अर्धे दार उघडले असेल तर अर्धेच लिहावे, आणि उरलेले अर्धे उघडायला किती वर्षे लागली तेही सांगावे. तुमच्या विद्यापीठातही अशी अर्धी दारे असतील : संशोधन केंद्राला मान्यता मिळाली पण मार्गदर्शक मिळाला नाही, वसतिगृह बांधले पण वर्षभर पाणी नव्हते. कुलगुरू कार्यालय ते वाक्य खोडील, हे मला ठाऊक आहे. तरी मसुद्यात ते असू द्या.

प्रश्न : नव्या विद्यापीठांतच नवे प्रयोग होतात असे म्हणतात. ते द्रष्टेपणातून होतात की केवळ अडचणीतून? (एक पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर : भाषणांत द्रष्टेपण असते, पण कार्यवृत्तांत बहुतेक वेळा अडचणच सापडते. माझा कल अडचणीकडे आहे, आणि त्यात विद्यापीठांचा काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही. जुन्या विद्यापीठाला जो प्रश्न कधी पडलाच नाही तो नव्याला पहिल्याच वर्षी सोडवावा लागतो, आणि त्या उत्तराला आपण पुढे ‘उपक्रमशीलता’ म्हणतो.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची गोष्ट पाहा. व्यापारी जॉन्स हॉपकिन्स यांनी १८७३ मध्ये मृत्यूसमयी सत्तर लाख डॉलर मागे ठेवले, त्यातील निम्मे विद्यापीठासाठी आणि निम्मे रुग्णालयासाठी. १८७६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. पहिले अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी इमारतींपेक्षा माणसांवर खर्च केला, संशोधक विद्यार्थ्यांना अभ्यासवृत्त्या दिल्या, आणि दोनच वर्षांत तेथून गणिताचे संशोधन नियतकालिक व विद्यापीठाची स्वतःची प्रकाशनसंस्था सुरू झाली. येथपर्यंत द्रष्टेपणच आहे. पण विद्यापीठाचा पैसा मुख्यतः एका रेल्वे कंपनीच्या समभागांत गुंतलेला होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्या कंपनीने लाभांश देणे बंद केले आणि वैद्यकीय विद्यालयाची योजना अडून बसली. अशा वेळी मेरी गॅरेट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी निधी उभारला, मोठा वाटा स्वतः गॅरेट यांनी उचलला, आणि त्यासोबत अटी घातल्या : स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे, आणि प्रवेश घेणाऱ्याकडे आधीची पदवी असली पाहिजे. विश्वस्तांसमोर दुसरा पर्याय फारसा उरलेला नव्हता. १८९३ मध्ये विद्यालय सुरू झाले तेव्हा पहिल्या अठरा विद्यार्थ्यांत तीन स्त्रिया होत्या. पदवीची अट त्या काळी इतकी कडक वाटली की, आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे बरे झाले, विद्यार्थी म्हणून कधीच आत आलो नसतो, असे तेथील प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांनी आपले सहकारी विल्यम वेल्च यांना म्हटल्याचे सांगतात. अमेरिकेच्या वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ज्या नियमाने वर नेला, तो तिजोरी रिकामी असताना एका देणगीदार स्त्रीने घातलेल्या अटीतून आला.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाची अडचण निराळी होती. विज्ञानाचा पायाभूत अभ्यासक्रम तर द्यायचा होता, पण विद्यार्थी स्वयंपाकघराच्या टेबलावर अभ्यास करणारा, आणि प्रयोगशाळा शेकडो मैल दूर. म्हणून प्रयोगशाळाच पेटीत भरून टपालाने घरी पाठवली गेली. त्या पेटीतील प्लास्टिकचा छोटा सूक्ष्मदर्शक मॅकआर्थर यांच्या रचनेवर आधारित होता. वजनाला हलका, हातात मावणारा आणि हजारोंच्या संख्येने बनवता येण्याइतका स्वस्त असल्यामुळे त्याला पुढे औद्योगिक रचनेसाठी पारितोषिकही मिळाले. प्रयोगशाळा ज्यांच्या हाताशी होती त्यांनी असा सूक्ष्मदर्शक कशाला घडवला असता?

याच विद्यापीठावर पहिल्याच महिन्यात जे ओढवले ते मला नेहमी आठवते. जानेवारी १९७१ मध्ये शिकवणे सुरू झाले, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो सुमारे सात आठवडे चालला. ज्या संस्थेचे वर्ग, ग्रंथालय आणि उत्तरपत्रिका तिन्ही टपालपेटीत होते तिला यापेक्षा वाईट मुहूर्त मिळाला नसता. अभ्याससाहित्य वाहनांनी अभ्यासकेंद्रांपर्यंत पोहोचवावे लागले आणि विद्यार्थ्यांनी ते तेथून उचलले. कोणाच्याही स्मरणिकेत ‘संपकाळातील वाटप’ असा टप्पा सहसा नसतो, पण मी लिहिणार असतो तर त्याला एक पान दिले असते.

प्रश्न : मुलीला एका नव्या विद्यापीठात प्रवेश मिळत आहे. अभ्यासक्रम चांगला आहे, पण नातेवाईक म्हणतात, ‘नव्या विद्यापीठाच्या पदवीला विचारतो कोण?’ आम्ही काय समजावे? (एक पालक)

उत्तर : पदवीची मान्यता आणि पदवीची पत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नातेवाईक त्या एकत्र करत आहेत. आपल्या देशात मान्यतेचा प्रश्न कायद्याचा आहे : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमानुसार, कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. आयोगाची यादी पाहून आणि व्यावसायिक अभ्यासक्रम असल्यास संबंधित परिषदेची मान्यता तपासून हे एका दिवसात कळते. विद्यापीठ जुने की नवे, याचा येथे संबंध नाही. मान्यता नसेल तर अभ्यासक्रम कितीही आकर्षक असला तरी प्रवेश घेऊ नये, एवढे निःसंदिग्धपणे सांगतो.

पत मात्र हळूहळू जमते, आणि ती कशी जमते हे पाहायचे तर धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाकडे वळले पाहिजे, जेथे मान्यताच नव्हती. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून अण्णासाहेबांच्या मनात ती कल्पना रुजली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती मांडली, आणि १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते, म्हणजे ज्या वयात माणसे निवृत्तिवेतनाचा हिशेब करतात. कुलपती म्हणून रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कुलगुरू म्हणून रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यासारखी माणसे पाठीशी होती, पण सरकारी सनद नव्हती आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या. माध्यम मातृभाषा, आणि इंग्रजी हा आवश्यक विषय, अशी आखणी होती. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणे ही आज घोषणेची गोष्ट वाटते, तेव्हा ती पाठ्यपुस्तके नसताना, शिक्षकांनी स्वतः टिपणे काढून चालवण्याची गोष्ट होती.

पदवीचे नावसुद्धा वेगळे होते. बी. ए. ऐवजी तेथे जी. ए., म्हणजे ‘गृहीतागमा’, ही पदवी मिळे. नाव सुंदर आहे, जिने ज्ञान आत्मसात केले ती, पण सरकारी नोकरीच्या अर्जात त्या अक्षरांना किंमत नव्हती. ज्या मुलींनी आणि ज्या पालकांनी तरीही तो मार्ग धरला, त्यांचा जुगार तुमच्या जुगारापेक्षा कितीतरी मोठा होता.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली, तिच्यावर साडेतीन टक्क्यांनी वर्षाला ५२,५०० रुपये व्याज मिळायचे होते. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. पैशाने वेतनाची चिंता हलकी केली, मान्यता मात्र आणली नाही. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला गेले, आणि कायदेशीर दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले. म्हणजे स्थापनेपासून ३५ वर्षे. या मधल्या काळात विद्यापीठाची पत सांभाळली ती तेथून शिकून शाळा चालवणाऱ्या, शिकवणाऱ्या, संस्था उभ्या करणाऱ्या स्त्रियांनी.

तेव्हा मुलीच्या बाबतीत मान्यता तपासून झाली की तीन गोष्टी विचारा : पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, मागील तुकडीचे निकाल वेळेवर लागले का, आणि आधी बाहेर पडलेली मुले आज काय करत आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विभागप्रमुखांऐवजी त्या मुलांकडूनच घ्यावे.

प्रश्न : स्वतःची इमारत नसताना विद्यापीठ सुरू करणे ही घाई नाही का? (एक वाचक)

उत्तर : नाही. मुंबई विद्यापीठाचा अधिनियम १८ जुलै १८५७ चा. १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते, आणि दीक्षान्त सभागृह पुरे झाले १८७४ मध्ये, ग्रंथालय व राजाबाई मनोरा १८७८ मध्ये. अर्थात ते विद्यापीठ तेव्हा लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेणारे होते, शिकवण्याचे काम महाविद्यालये करत, ही सवलत त्याला होती. शिकवणाऱ्या विद्यापीठाला वर्गखोल्या आणि प्रयोगशाळा लागतातच. प्रशासकीय भवन मात्र थांबू शकते, आणि आपल्याकडे बहुधा तेच सर्वांत आधी बांधले जाते.

प्रश्न : मी विद्यापीठ प्रशासनातून निवृत्त झालो. पहिल्या पाच वर्षांत सुरू झालेले चांगले प्रयोग पुढच्या दहा वर्षांत विरून जाताना मी पाहिले. असे का होते? (एक निवृत्त अधिकारी)

उत्तर : तुमचे निरीक्षण खरे आहे. पण काही प्रयोग टिकतातही, आणि ते का टिकतात हे पाहणे मला अधिक बोधप्रद वाटते. पुन्हा ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाकडे जावे लागेल. तेथे अभ्यासक्रम एका प्राध्यापकाच्या मालकीचा राहिला नाही. विषयतज्ज्ञ, बीबीसीचे निर्माते, अध्यापनतंत्राचे जाणकार आणि संपादक यांचा एक गट तो घडवत असे. प्रत्येकाचा मसुदा गटातील इतरांनी वाचायचा, खोडायचा, पुन्हा लिहायला लावायचा. वर्गाचे दार लावून हवे ते शिकवण्याची सवय असलेल्या अध्यापकाला हे किती जड गेले असेल, याची कल्पना तुम्हाला अभ्यासमंडळांच्या बैठकांवरून येईल. पण त्या गटाशिवाय पुस्तक छापखान्यात जातच नव्हते, म्हणून ती पद्धत टिकली. प्रयोग रोजच्या कामाच्या मार्गातच बसवला असेल तर त्याला वळसा घालता येत नाही. तो बाजूला, एखाद्या उत्साही माणसाच्या खोलीत असेल तर त्या माणसाच्या बदलीबरोबर जातो.

दुसरे कारण पैशाचे आणि राजकारणाचे. या विद्यापीठाची कल्पना विल्सन यांच्या मजूर पक्षाची होती. हुजूर पक्षाचे इयन मॅक्लाउड यांनी तिला निव्वळ खुळचटपणा ठरवले होते. जून १९७० च्या निवडणुकीनंतर हेच मॅक्लाउड अर्थमंत्री झाले, विद्यार्थी दाखल व्हायला सहा महिने उरले असताना. महिन्याभरातच त्यांचे निधन झाले. शिक्षणखाते मार्गारेट थॅचर यांच्याकडे होते आणि त्यांनी विद्यापीठ चालू ठेवले. तोवर शिक्षक नेमले गेले होते, अभ्यासक्रम छपाईला लागले होते आणि हजारो अर्ज आले होते. सरकार बदलण्याआधी विद्यापीठ इतके पुढे गेले होते की थांबवणे हेच महाग पडले असते. हे वाचताना घाईला दोष देण्याची आपली सवय मला थोडी तपासून पाहावीशी वाटते.

तिसरे म्हणजे पदवीची रचना. तेथे साधी पदवी सहा श्रेयांकांची (क्रेडिटांची) होती आणि आधीच्या शिक्षणाबद्दल जास्तीत जास्त तीन श्रेयांकांची सूट मिळे. त्यामुळे शिक्षक-प्रशिक्षण घेतलेल्या कित्येकांना दोनच वर्षांत पदवी पुरी करता आली, आणि १९७३ मध्येच पदवीधर दिसू लागले. मुक्त प्रवेशाने दर्जा घसरेल, ही शंका घेणाऱ्यांना वादविवादापेक्षा त्या पदवीधरांनी लवकर उत्तर दिले. आपल्याकडे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने राम ताकवले यांच्या काळात, बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवून पदवीची वाट मोकळी केली, तीही याच जातीची योजना : प्रवेशाची अट सैल, बाहेर पडण्याची अट कायम. अशी योजना विरते ती बहुधा दुसऱ्या टोकाला, म्हणजे प्रवेश वाढत जातात आणि स्वाध्याय तपासणारे हात तेवढेच राहतात तेव्हा. तुम्ही पाहिलेल्या प्रयोगांपैकी किती या कारणाने गेले, हे जरूर कळवावे.

प्रश्न : पहिल्या वर्षांची कोणती कागदपत्रे जपावीत? आमच्याकडे जागा नाही. (एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल)

उत्तर : पहिले वेळापत्रक, पहिली प्रवेशनोंदवही, पहिल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, आणि अधिसभा व विद्यापरिषद यांची कार्यवृत्ते, फेटाळल्या गेलेल्या प्रस्तावांसह. छापील अहवालाच्या प्रती इतरत्र मिळतात, हाताने लिहिलेली नोंदवही कोठेच मिळत नाही. उद्घाटनांच्या छायाचित्रांपैकी ज्यांच्या मागे तारीख व नावे लिहिलेली आहेत तेवढी ठेवावीत. ज्यांच्या मागे काही नाही, ती पहिल्या तुकडीतील कोणाला तरी बोलावून याच वर्षी दाखवावीत आणि ते सांगतील ती नावे पेन्सिलीने मागे लिहून घ्यावीत.